हवापालट, पण चूल आपली

‘हवापालट’ हा शब्द आपल्या पिढीला चांगला परिचयाचा आहे. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर पाचगणी किंवा माथेरान सुचवीत आणि ऐपत असलेली कुटुंबे तेथे बंगला भाड्याने घेऊन शेगडी-भांड्यांसह मुक्कामाला जात. जागा नवी, जेवण मात्र घरचे, हा त्यामागील विचार. ब्रिटनमध्ये ज्याला ‘सेल्फ-केटरिंग अपार्टमेंट’ म्हणतात, ती सोय याहून फारशी निराळी नाही. सुसज्ज स्वयंपाकघर असलेली सदनिका आठवड्यापुरती घ्यायची आणि तेथे आपला संसार आपण चालवायचा. ज्या घरात दीर्घकाळचा आजार वस्तीला आहे, त्या घराने हा पर्याय अवश्य विचारात घ्यावा, असे मी आपणांस अनुभवाने सुचवू इच्छिते.

माझ्या पतींना सात वर्षांपासून पार्किन्सन्सचा आजार आहे. लेव्होडोपाची गोळी त्यांना दिवसातून पाच वेळा, ठरल्या वेळी आणि जेवणापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. अनेक रुग्णांत प्रथिनयुक्त आहार या औषधाच्या शोषणाआड येतो. म्हणून डाळ, दही, पनीर यांची वेळही सांभाळावी लागते. हॉटेलातील न्याहारीची वेळ आणि गोळीची वेळ यांचा मेळ क्वचितच बसतो. त्याहून अवघड गोष्ट निराळी होती. हात कापतो, चमच्यातील आमटी सांडते, म्हणून चारचौघांत जेवणे त्यांनी जवळजवळ सोडले होते. लग्नकार्यात ते ‘भूक नाही’ असे सांगत आणि घरी येऊन दूधभात खात. रात्री कूस बदलायलाही त्यांना मदत लागते. मी दोन वर्षे सलग चार तास झोपले नव्हते.

गेल्या जूनमध्ये आम्ही ब्रिस्टलला लेकीकडे गेलो असताना तिने वेल्सच्या दऱ्यांत आठवडाभर राहण्याचा बेत मांडला. माझा पहिला प्रश्न निसर्गाविषयी नव्हता. ‘न्हाणीघरात पायरी आहे का?’ एवढाच होता.

तो प्रश्न अस्थानी नव्हता. दक्षिण वेल्समधील या अरुंद दऱ्या एकेकाळी कोळशाच्या खाणींनी गजबजलेल्या होत्या. खाणकामगारांची एकमेकांना चिकटलेली घरे डोंगरउतारावर रांगेने चढत गेलेली दिसतात. खाणी बंद झाल्या, काळे ढिगारे आता गवताने हिरवे झाले. पण चढ आहे तेथेच आहे. म्हणून आपण अशी जागा ठरविताना काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. गाडी थांबते तेथून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? न्हाणीघरात उंच काठाचा टब आहे की सपाट जमिनीवरचा शॉवर? आधाराची दांडी आहे का? पलंग आणि कमोड किती उंच आहेत? आमच्या मालकीणबाईंनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर छायाचित्रासह पाठविले, तेव्हाच आम्ही होकार दिला. जूनमध्ये तेथे पहाटे पाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही; वृद्धांच्या झोपेसाठी जाड पडद्यांची चौकशीही करावी.

स्वयंपाकघराविषयीही दोन शब्द. बऱ्याच ठिकाणी इंडक्शन शेगडी असते. तिच्यावर चुंबक चिकटेल अशा सपाट बुडाचीच भांडी चालतात, म्हणून कुकर तसा पाहून न्यावा. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने अशा चालू शेगडीपासून निदान ६० सेंटीमीटर दूर राहावे, असे सांगितले जाते. फोडणीचा धूर होताच छतावरची धोक्याची घंटा कर्कश वाजू लागते आणि आजारी माणूस दचकतो. तेव्हा आधी पंखा लावावा, मगच मोहरी टाकावी. भारतातून थेट जाणाऱ्यांनी साजूक तूप, पेढे घरीच ठेवावेत, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पतींनी खुर्ची ओट्यापाशी ओढली आणि म्हणाले, ‘मटार मी सोलतो.’ शेंगा सोलायला त्यांना पाऊण तास लागला. कोणाला कोठे जायचे नव्हते. बाहेर पाऊस होता, गोळीची वेळ होऊन गेली होती, मटारभात शिजत होता. खिडकीजवळ एक रुंद कोच होता. लेकीने त्याचे नाव ‘कुच’ ठेवले. या भागात इंग्रजी बोलतानाही हा शब्द कानी पडतो. मायेने कुशीत घेणे आणि घरातला उबदार कोपरा, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. त्या कोपऱ्यात बसून, खोलगट ताटलीत, जाड मुठीच्या चमच्याने ते रोज पोटभर जेवले. भात सांडला तर टिपायला फडके होते. पाहणारे परके कोणी नव्हते.

आम्ही थोडे हिंडलोही. ब्रिन बाख उद्यानातील तळ्याकाठची सपाट वाट चाकांच्या खुर्चीसाठी फार सोयीची वाटली. जवळच्या ट्रेडेगर गावात उंच लोखंडी घड्याळाच्या मनोऱ्याखाली आम्ही बराच वेळ बसलो. याच गावी १८९७ मध्ये एका खाणकामगाराच्या घरी अन्यूरिन बेव्हन जन्मले. ते स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरले. त्यांचे वडील १९२५ मध्ये कोळशाच्या धुळीने जडलेल्या फुप्फुसाच्या विकाराने गेले. या गावात १८९० पासून ‘ट्रेडेगर मेडिकल एड सोसायटी’ नावाची संस्था होती. कामगार आपल्या मजुरीतून ठरावीक वाटा तिच्याकडे जमा करीत आणि त्यातून गावाला डॉक्टर, परिचारिका आणि औषधे मिळत. बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी साऱ्या ब्रिटनसाठी ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ सुरू झाली. नंतरच्या दशकांत या दऱ्यांतील कित्येक दवाखाने भारतीय उपखंडातून आलेल्या डॉक्टरांनी सांभाळले.

वाचकहो, एका घरातील आजाराचा भार सगळ्या गावाने थोडाथोडा उचलायचा, ही ती कल्पना. आमचे घर चौघांचे. त्या संध्याकाळी लेकीने कागदावर पाळ्या लिहिल्या. रात्री अकराची गोळी आणि कूस बदलणे जावयांकडे, पहाटेची गोळी लेकीकडे, दुपारचे जेवण आणि फिरणे माझ्याकडे. पतींनी कागद मागून घेतला आणि ‘मटार, लसूण, कोथिंबीर’ या कामांपुढे कापऱ्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिले. त्या रात्री मी सात तास झोपले.

आपणही असा बेत केलात, तर तेथे रोज एक तास काळजीवाहकाचा स्वतःचा असावा आणि तो आधीच ठरवून घ्यावा. नाहीतर घरचे काम तेवढे दुसऱ्या ओट्यावर जाते. भारत आणि ब्रिटन यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते, म्हणून गोळ्यांचे नवे वेळापत्रक निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. भेटीवर आलेल्या परदेशी माणसाला रुग्णालयातील उपचारांचे पैसे साधारणतः भरावे लागतात. तेव्हा जुना आजार न लपवता प्रवासविमा घ्यावा. तातडीसाठी ९९९ आणि सल्ल्यासाठी १११ हे क्रमांक फ्रीजवर मोठ्या अक्षरांत लावावेत.

आठवड्याने पतींचा आजार कमी झाला नाही. तो होणारही नव्हता. त्यांचा हात पूर्वीइतकाच कापतो. मात्र परत आल्यावर भाचीच्या डोहाळजेवणाला त्यांनी आपला जाड मुठीचा चमचा खिशात घातला, पंगतीत माझ्या शेजारी बसले आणि दोनदा मसालेभात मागून घेतला.