आकड्यांविना मापाची पट्टी

अमेरिकेत दरवर्षी ठिकठिकाणी ‘रेनेसाँ फेअर’ नावाच्या जत्रा भरतात. सोळाव्या शतकातील युरोपचे एखादे गाव उभे करावयाचे आणि त्या काळच्या पेहरावात दिवसभर हिंडावयाचे, असे त्यांचे स्वरूप. अशी पहिली जत्रा १९६३ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात भरली. आमच्या ह्यूस्टनजवळ टॉड मिशन येथे ती १९७४ साली सुरू झाली. तेथे अनेकजण राजा, राणी, सरदार होऊन येतात. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने मात्र शेतकरीण व्हायचे ठरविले, आणि तेही खरीखुरी. मला याचे विशेष वाटले, कारण ते वर्ष आमच्या घराला कपड्यांवरूनच जड गेले होते.

भारतात एका लग्नात कुणीतरी तिला सहज म्हणून गेले, ‘चांगलीच भरली आहेस हं!’ परतल्यावर तिच्या ताटात अन्न उरू लागले. दुकानात ती आधी कपड्याच्या गळ्याशी शिवलेली चिठ्ठी पाही आणि आकडा मनासारखा नसला की मुकाट्याने कपडा ठेवून देई. आम्ही डॉक्टरांकडे आणि समुपदेशकांकडे जाऊ लागलो होतो. शिवणकामाने ती बरी झाली, असे मी म्हणणार नाही. ते श्रेय त्यांच्या उपचारांचे. परंतु त्या काळात घरी जे अनुभवास आले, ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

त्या काळच्या इंग्रज कष्टकरी स्त्रीच्या अंगात आधी लिननचा सैल अंगरखा असे, त्यावर लोकरीचा नाडीने आवळायचा झगा, पुढे ॲप्रन आणि डोक्याला लिननची टोपी. लिनन म्हणजे जवसाच्या देठातील तंतूंचे कापड; ज्याच्या बियांची आपण चटणी करतो, तेच हे झाड. ते घाम टिपून घेते आणि लवकर वाळते. म्हणून अंगालगतचा अंगरखा वरचेवर धुवावयाचा आणि लोकरीचा झगा त्यामुळे स्वच्छ राहावयाचा, अशी ती व्यवस्था होती. झग्यासाठी आम्ही विटकरी लाल रंग निवडला. तेव्हा असा रंग ज्या मुळांपासून काढीत, ती वनस्पती आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातील.

अंगरख्याची बेतणी मोठी शहाणपणाची आहे. सारे तुकडे चौकोनी किंवा त्रिकोणी, त्यामुळे कापड फारसे वाया जात नाही. घेरासाठी कळ्या असतात आणि बगलेत एक चौकोनी तुकडा असतो. त्यामुळे हात वर केला तरी शिवण ओढली जात नाही. राबणाऱ्या शरीराला मोकळीक मिळावी, म्हणून ही सारी योजना.

नमुन्यासाठी आम्ही ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकाराचे १५६५ सालचे ‘द हार्व्हेस्टर्स’ हे चित्र पाहिले. कापणी करणारी माणसे झाडाखाली बसून जेवत आहेत आणि एकजण हातपाय पसरून झोपला आहे. मुलगी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, ‘आई, इथे कुणीच पोट आत ओढून बसलेलं नाही.’

मापे घेण्याचा दिवस आला, तेव्हा मला धास्ती होती. आकडे छापलेली मोजपट्टी प्रचारात आली ती १८०० च्या सुमारास. त्यापूर्वी युरोपातील शिंपी कागदाची वा चर्मपत्राची लांब पट्टी घेत आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी कात्रीने चिरा देत. प्रत्येक माणसाची पट्टी निराळी. आम्हीही तसेच केले. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली. ‘यावर काहीच लिहिलेलं नाही.’ मी म्हटले, ‘नाही. ही फक्त तुझी आहे.’ त्या दिवशी तिने प्रथमच आढेवेढे न घेता मापे देऊ केली.

पुढचे तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतर आम्ही शिवीत बसलो. दोऱ्याला मेण लावायचे, धावदोरा घालायचा, नाडीसाठी टोच्याने भोके पाडून त्यांच्या कडेने दोरा गुंडाळायचा. हात कामात आणि नजर सुईवर असली की बोलणे सोपे होते. त्या लग्नातील वाक्य तिने मला सांगितले ते अशाच एका रात्री, माझ्याकडे न पाहता.

जत्रेच्या दिवशी ऊन कडक होते. लोकर आम्ही मुद्दाम पातळ विणीची घेतली होती. डोक्यावर गवती टोपी होती आणि पाणी सोबत होते. दुपारी ती पोटभर जेवली. जेवण झाल्यावर तिने झग्याची नाडी दोन बोटे सैल केली आणि पुन्हा गाठ मारून ती नाच पाहायला निघून गेली.

पोशाख शिवण्याचा हा खटाटोप सर्वांना जमेलच असे नाही, आणि त्याची गरजही नाही. मुलांच्या वाढत्या शरीराविषयी पाहुण्यांच्या देखत शेरे मारू नयेत; जेवण टाळले जात असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांना भेटावे; आणि रोज थोडा वेळ मुलांसोबत हाताचे काहीतरी काम करावे, मग ती निवडायची भाजी का असेना. आमच्याकडे यंदा तो झगा वाढवावा लागला. शिवणीत राखलेली दुमड उसवली, तेव्हा पट्टीवर नव्या चिरा तिने स्वतःच पाडल्या.