पिठाचा कोंबडा आणि नातवाचा लॅपटॉप

खरेदी ही आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळलेली गोष्ट आहे. धान्य असो, कापड असो वा सोने असो, वस्तू समोर आली की घरातील वडीलधारा माणूस ती हातात घेतो, उलटून पाहतो, भाव विचारतो आणि मगच तोंड उघडतो. अलीकडे मात्र अशी एक वस्तू घरात येऊ लागली आहे, की तिच्यापुढे हाच माणूस गप्प होतो. मुलगा किंवा नातू व्हिडिओ गेम खेळता येतील असा लॅपटॉप मागतो. काही घरांत त्याला एका शब्दात नकार मिळतो; काही घरांत कटकट नको म्हणून पैसे काढून दिले जातात. दोन्ही घरांत एक साम्य असते: वडीलधाऱ्याने माल पाहिलेलाच नसतो.

माझ्या नातवाला गेल्या पावसाळ्यात पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, तेव्हा हा प्रश्न आमच्याही दारात आला. अभ्यासासाठी लॅपटॉप हवाच होता. परंतु त्याने अभ्यासाची ढाल पुढे केली नाही. "आजोबा, मला त्यावर गेमही खेळायचे आहेत," असे त्याने सरळ सांगितले. त्याच्या मनात भरलेल्या लॅपटॉपची किंमत एक लाख साठ हजारांच्या घरात होती. मुलगा मला म्हणाला, "अण्णा, याचा निकाल तुम्हीच लावा." सांगलीच्या हळदबाजारात माझी उभी हयात गेली. संगणक मला फारसा कळत नाही, खरेदी कळते. त्या भरवशावर मी हे काम अंगावर घेतले.

माल पाहण्यापूर्वी गरज लिहून काढावी, हा आडतीवरचा पहिला नियम. मी नातवापुढे कोरा कागद ठेवला आणि येत्या चार वर्षांत कोणते खेळ खेळणार, ते लिहायला सांगितले. आठ नावे आली. प्रत्येक खेळासाठी संगणक किमान कसा असावा आणि चांगला चालण्यासाठी कसा असावा, हे तो खेळ बनवणारी कंपनीच जाहीर करते. आम्ही ते एकेका नावापुढे लिहीत गेलो. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' हा २०१२ सालचा खेळ. त्यात युरोपभर मालवाहू ट्रक हाकायचे, कर्ज काढून स्वतःची गाडी घ्यायची आणि भाड्यातून ते फेडायचे. हा खेळ साध्या यंत्रावरही चालतो. 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४' मात्र किमान १६ जीबी रॅम मागतो आणि शिफारस ३२ जीबीची करतो. यादी पूर्ण झाली तेव्हा दिसले, की आठांपैकी सात खेळ मध्यम यंत्रावर चालण्यासारखे होते. ज्या एका खेळासाठी दीड लाखावरचे यंत्र हवे होते, तो त्याने अद्याप एकदाही खेळलेला नव्हता. परिग्रहपरिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते आणि वस्तू नंतर येते. आम्हीही करासह एक लाखाची मर्यादा ठरवली आणि मग बाजारात पाऊल टाकले.

हळदीत 'राजापुरी' हे नाव ऐकून कोणी भाव ठरवीत नाही; हळकुंड मोडून आतला रंग पाहावा लागतो. लॅपटॉपचेही तसेच असल्याचे नातवाकडून आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून हळूहळू कळत गेले. खेळाच्या यंत्रात ग्राफिक्स कार्ड हा सर्वांत महत्त्वाचा भाग. पडद्यावरचे चित्र तेच उभे करते आणि किमतीचा मोठा वाटाही तेच घेते. एनव्हिडिया कंपनीचे लॅपटॉपसाठीचे 'आरटीएक्स ४०६०' हे कार्ड उदाहरणादाखल घेऊ. या एकाच नावाच्या कार्डाला यंत्र बनवणारी कंपनी ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वीज ठरवू शकते. वीज कमी, तर कामही कमी. सडपातळ, देखण्या यंत्रात उष्णता बाहेर टाकायला पुरेशी जागा नसते, म्हणून तेथे वीजही बेताची सोडतात. यंत्रावरच्या स्टिकरवर हा आकडा सहसा दिसत नाही. तो माहितीपत्रकात शोधावा लागतो. दुसरे उदाहरण 'आरटीएक्स ४०७०'चे. डेस्कटॉप संगणकातील या कार्डाला १२ जीबी स्मृती असते. लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डाला ८ जीबी. नुसते स्टिकर वाचून खूश होणारे गिऱ्हाईक अर्ध्या हळकुंडाने पिवळे होते.

पडद्याचे दोन गुण पाहावेत. एक वेगाचा: साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, खेळासाठीचा पडदा बहुधा १४४ वेळा. अर्थात कार्डाने तितकी चित्रे तयार केली, तरच त्या वेगाचा उपयोग. दुसरा गुण रंगाचा, आणि तेथे माझा अनुभव कामी आला. दुकानातील दोन पडद्यांवर मी एकाच हळकुंडाचे छायाचित्र उघडायला लावले. एकावर ती ताजी हळद होती. दुसऱ्यावर तीच वर्षभर उन्हात पडल्यासारखी फिकी दिसत होती. नातवाने माहितीपत्रक वाचून कारण सांगितले: पहिला पडदा एसआरजीबी रंगांपैकी जवळजवळ सगळे दाखवत होता, दुसरा बरेच कमी. रॅमच्या बाबतीत १६ जीबीची एकच पट्टी असण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या असाव्यात. दोन्ही एकदम काम करतात आणि चित्राला वेग येतो. पुढे रॅम वाढवता येते का, हेही विचारून घ्यावे. ज्या यंत्रात वाढवता येते, ते अधिक वर्षे टिकते आणि नव्या खरेदीची वेळ लांबते. वजन हातात घेऊन पाहावे. असे यंत्र साधारण सव्वादोन ते अडीच किलोंचे असते. शिवाय विटेएवढा चार्जर वेगळाच. खेळताना चार्जर जोडावाच लागतो, कारण बॅटरी कार्डाला पुरेशी वीज पुरवू शकत नाही. आणि यंत्र गादीवर ठेवून कधी खेळू नये. हवेची वाट बंद होते, यंत्र तापते आणि आपोआप मंदावते.

इथवरचे सारे व्यापाऱ्याचे काम झाले. श्रावकाचे काम त्या कागदावरच्या आठ नावांशी होते. त्यांतील तीन खेळांत माणसे मारायची होती. मी काही बोलण्याआधीच नातू म्हणाला, "आजोबा, त्यात कोणीच मरत नाही. नुसती चित्रे असतात."

मी त्याला राजा यशोधराची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथात ती आहे. त्यापूर्वी हरिभद्रसूरींच्या 'समराइच्चकहा'तही ती येते. राजाला वाईट स्वप्न पडते. त्याची माता देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला तयार होत नाही; शेवटी आईच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा करून तो बळी देतो. कोंबड्यात जीव नव्हता, रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी उगारलेल्या हातामागे मारण्याचा भाव होता. त्या भावाचे फळ म्हणून माता आणि पुत्र पुढच्या जन्मी कुत्रा आणि मोर होतात आणि कित्येक भव तिर्यंच गतीत भटकतात.

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग बुद्धिबळाचे काय? तेथेही हत्ती, घोडे, प्यादी मारतातच ना?" प्रश्न चोख होता. मी त्याचे उत्तर शोधण्यात दोन दिवस घालवले. मला जे सुचले ते असे: बुद्धिबळात रस डावपेचात आहे, प्याद्याच्या जागी गोटी ठेवली तरी खेळाची गोडी कमी होत नाही. यशोधराने मात्र कोंबडाच घडवला होता, कारण त्याला बळीच द्यायचा होता. म्हणून प्रत्येक खेळाला एकच प्रश्न विचारावा, की यातला आनंद कशात आहे? मारणे काढून टाकले तर मागे काय उरते? खेळाला आपल्या परंपरेचा विरोध कधीच नव्हता. पर्युषणात ज्ञानबाजी खेळण्याची रीत होती. ८४ घरांचे जैन पट आजही जुन्या संग्रहांत पाहायला मिळतात. त्यांतही साप आहेत, शिड्या आहेत, हारजीत आहे. शिखरावर सिद्धशिला आहे.

हा प्रश्न घेऊन आम्ही यादी पुन्हा वाचली. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा २०१३ सालचा खेळ त्याने आपणहून खोडला. "यातून लुटालूट आणि गोळीबार काढला तर मोटारी चालवणेच उरते, आणि त्यासाठी दुसरा खेळ आहे," असे तो म्हणाला. 'माइनक्राफ्ट'मध्ये कोणालाही न मारता घर बांधता येते, शेती करता येते, तो ठेवला. त्यावर तो हसून म्हणाला, "मी त्यात गाजर-बटाटेही लावत नाही आजोबा, गहू पेरतो आणि पाव खातो." 'एज ऑफ एम्पायर्स २' या खेळावर मात्र आमचे जुळले नाही. त्याच्या मते ते राज्य उभारण्याचे बुद्धिबळ. माझ्या डोळ्यांपुढे सुरुवातीला अन्नासाठी मारल्या जाणाऱ्या मेंढ्या. तो यादीत राहिला.

आणखी एक गोष्ट पाहणे अगत्याचे होते. सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु काही साध्या खेळांतही पैसे देऊन बंद पेटी विकत घ्यायची सोय असते. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवले. म्हणून आम्ही ठरवले, की खेळाच्या खात्याला बँकेचे कार्ड जोडायचे नाही आणि पेटी घ्यायची नाही.

खरी परीक्षा बिलाच्या वेळी झाली. मनासारखे यंत्र मिळाले. मूळ किंमत ८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने १४,४०० रुपये कर, एकूण ९४,४०० रुपये. दुकानदाराने नेहमीच्या सवयीने विचारले, "शेठ, बिल फर्मच्या नावाने करू ना? जीएसटीची वजावट मिळेल, घसाराही धरता येईल." मुलाने माझ्याकडे पाहिले. १४,४०० रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. शिवाय संगणकावर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. परंतु वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे व्यक्तिगत वापराच्या वस्तूवर अशी वजावट घेता येत नाही, आणि हे यंत्र आडतीच्या पेढीवर एक दिवसही येणार नव्हते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोटी वजनेमापे येतात, तसाच विरुद्धराज्यातिक्रमही येतो. पेढीवरचा काटा आपण चोख ठेवतो; बिलाच्या कागदावर तो हलू द्यायचा का? नातू बाजूला उभा राहून सारे ऐकत होता. ज्याला आम्ही नुकताच पिठाचा कोंबडा ऐकवला होता, त्याच्या देखत खोट्या नावाचे बिल करणे म्हणजे ती कथा परत घेण्यासारखे झाले असते. मुलानेच दुकानदाराला सांगितले, "बिल याच्या नावाने करा."

पुण्याला निघण्यापूर्वी आम्ही दोन नियम ठरवले. एका बैठकीत एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे खेळायचे आणि उठायचे. सामायिकाचा काळ आजीमुळे त्याच्या लहानपणापासून अंगवळणी पडलेला, त्यामुळे घड्याळाची आठवण द्यावी लागत नाही. दुसरा नियम, रात्री अकरानंतर यंत्र बंद. जागरणात भूक लागते आणि वसतिगृहात रात्रीभोजनत्याग पहिल्यांदा मोडतो तो अशा वेळी. हे नियम तेथे कितपत पाळले जातात, हे पाहायला मी जात नाही.

समाजबांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मूल असा लॅपटॉप मागेल तेव्हा होकार-नकाराआधी त्याच्याकडून खेळांची यादी घ्यावी आणि तीवर एक संध्याकाळ त्याच्याबरोबर बसावे. यंत्राची किंमत त्या यादीवरून ठरते. आणि आपले मूल कशात आनंद मानते, हे त्या संध्याकाळी जितके कळते तितके एरवी कळत नाही.

गेल्या महिन्यात नातवाचा फोन आला. 'एज ऑफ एम्पायर्स' मेंढ्यांना हात न लावता, झुडपांवरची फळे आणि शेती यांवर खेळून पाहिल्याचे त्याने सांगितले. "मग?" मी विचारले. "हरलो आजोबा. राज्य उभारायला फार वेळ लागतो." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "रविवारी पुन्हा तसाच खेळून पाहणार आहे."