अठरा तास बसू न शकणारा मुलगा

दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी आमच्या रोह्यातील वस्तीच्या विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसत, तो आदर्श मुलांपुढे राहावा, हा हेतू. हजेरीची वही आमच्याकडे असते. कारकुनाचा पेशा, वही कुठेही सुटत नाही. तीन वर्षांपूर्वी त्या वहीत एका मुलाच्या नावापुढे आम्ही लाल शाईने 'उठला' असा शेरा मारला. सकाळी सहाला बसला, साडेसहाला पाण्याला उठला, सातला पुन्हा उठला, आणि आठला विहाराच्या मागे कुणाचा तरी बंद पंखा खोलून बसलेला सापडला. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "तुझी आई धाटावला ठेकेदाराकडे दिवसभर उभी राहते आणि तुला अर्धा तास बसवत नाही?" मुलगा खाली मान घालून निघून गेला. पंखा मात्र दुरुस्त झाला होता.

हा मुलगा पेणच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आमचे कार्यालयही पेणलाच, त्यामुळे सकाळच्या दिवा गाडीला आमची गाठ पडे. रोहा सुटले की तो पुस्तक उघडी. निडी गेले, नागोठणे गेले, कासू गेले, पेण आले तरी पान तेच. परीक्षेला निघाला तर हॉल तिकीट घरी राहिलेले. त्या वर्षी तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहून गेला. जातीचा दाखला होता, उत्पन्नाचा दाखला होता, सगळे कागद पिशवीत तयार. फक्त तारीख निघून गेली. ज्या घरात फीचे पैसे मोजून ठेवावे लागतात तिथे याचा अर्थ काय, हे वाचकांना सांगायला नको.

त्याची आई रडवेली होऊन आमच्याकडे आली. "जयभीम भाऊ. बारावीपर्यंत मीच उठवायची, मीच दप्तर भरायची, पेपराच्या तारखा मीच भिंतीवर लिहायची. आता कॉलेजात मी कुठवर पुरू?"

आमच्या कार्यालयातील एका भगिनीने हे ऐकले. तिच्या भाच्याला असाच त्रास होता. तिच्या सांगण्यावरून आम्ही तिघे एस.टी.ने वडखळ, पोयनाड करीत अलिबागला मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी मुलापेक्षा आईलाच अधिक विचारले आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागितली. त्या माउलीने ती ट्रंकेत जपून ठेवली होती. पहिलीपासून जवळजवळ प्रत्येक वर्षी एकच शेरा, फक्त अक्षर वेगळे: हुशार आहे, पण लक्ष देत नाही.

याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा. हा आळस नव्हे, आईच्या लाडाचा परिणाम नव्हे, मोबाईलचा तर नव्हेच. मेंदूच्या घडणीतला हा फरक लहानपणापासून असतो आणि पुष्कळदा घराण्यातून येतो. लक्ष मुळीच नसते असे नाही. ते हवे तिथे वळवता येत नाही, इतकेच. म्हणून तोच मुलगा पंखा खोलून दोन तास बसतो आणि अकाउंटन्सीच्या एका गणितावर दहा मिनिटे थांबू शकत नाही. शाळेत घंटा असते, बाई असतात, घरी आई असते. ही सगळी कुंपणे कॉलेजात एकदम निघून जातात. त्यामुळे कित्येकांचा हा दोष तिथेच उघडा पडतो. प्रत्येक चुळबुळ्या पोराला हेच असते असेही नाही. झोप कमी, रक्त कमी, थायरॉईड, घरातली भांडणे यांनीही लक्ष उडते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. गोळ्याही त्यांनीच द्याव्यात. परीक्षेपुरती दुसऱ्याची गोळी मागून घेणे धोक्याचे आहे.

अलिबागहून परतताना आम्हाला त्या लाल शाईची आठवण फार झाली. आमच्या मुलांना 'यांना डोकेच नाही, सवलतीवर शिकतात' असे बाहेरचे लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आले. तेच आम्ही विहारात बसून, आमच्याच पोराला, जरा वेगळ्या शब्दांत म्हणालो होतो.

कायद्याचे आम्ही थोडे चाळून पाहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. काही मुलांना अध्ययन अक्षमताही असते, त्यांनी तिची तपासणी करून दाखला जरूर काढावा. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या खटल्यात सांगितले, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. ते प्रकरण हाताला येणाऱ्या पेटक्याचे होते. तरी टक्केवारीवर अडून बसणाऱ्यांना दाखवायला निकाल उपयोगी आहे. आमच्या मुलाला जादा वेळ मिळाला नाही. प्राचार्यांना डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज केला, तेव्हा पुढच्या बाकाची जागा मिळाली आणि सूचना तोंडी न सांगता लेखी देण्याचे एका प्राध्यापकांनी मान्य केले. तेवढ्यानेही फरक पडला.

बाकीचे घरचेच उपाय. हॉल तिकिटाच्या तीन झेरॉक्स: एक त्याच्याकडे, एक आईकडे, एक आमच्या ड्रॉवरात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आम्ही त्याला पंधरा दिवस अलीकडची सांगतो (खोटे बोलतो म्हणा). रोज संध्याकाळी तो आमच्या ओटीवर येतो. आम्ही कार्यालयातून आणलेले तक्ते भरतो, शेजारी तो गणिते सोडवतो. आम्ही शिकवत नाही, बोलतही नाही. शेजारी कुणी आपले काम करीत बसले की त्याचे हात चालतात. वीस मिनिटांचा गजर, मग अंगणात एक फेरी, पुन्हा वीस मिनिटे. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, तक्ते भरण्यात तुमच्याही चुका हल्ली कमी झाल्या आहेत.

कुणाच्या घरी असे मूल असेल आणि जायचे कुठे हे कळत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.

या वर्षी एप्रिलमध्ये विहारात पुन्हा अठरा तासांचा कार्यक्रम झाला. आम्ही वहीत 'उठला' हा रकाना ठेवला नाही. त्या मुलाकडे दर तासाला चहा-पाणी फिरवण्याचे काम दिले. मधल्या वेळात तो बसे. पहाटेपर्यंत होता. त्याचा एक विषय अजून एटीकेटीत आहे. ऑक्टोबरात पेपर आहे, हॉल तिकीट आल्याबरोबर झेरॉक्स काढायच्या आहेत.