सायकल लेकीची, पाना माझा

पुण्यातल्या बायकांना सायकलीबद्दल सांगायला जाणं म्हणजे सासूबाईंना वरणाला फोडणी कशी द्यावी ते शिकवण्यासारखं आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणी कॉलेजला सायकलवरून गेल्या असतील. पदर खोचून, हँडलला डब्याची पिशवी अडकवून कर्वे रस्त्याने नोकरीला निघालेल्या बायका आमच्या लहानपणी रोज दिसायच्या. त्या सायकलीची निगा ती काय? रविवारी फडका, चेनला तेलाचे चार थेंब, चाकात हवा आणि वर्षातून एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात ‘ओव्हरऑइलिंग’. संपलं!

आज सांगणार आहे ती सायकल मात्र निराळी. तिला पुढच्या चिमट्यात एक आणि मागे फ्रेमच्या पोटात एक असे दोन शॉकअप असतात. मुलं तिला ‘फुल सस्पेन्शन’ म्हणतात. टेकडीवरच्या दगडगोट्यांतून खाली उतरायला ती बनवलेली. गेल्या वर्षी ही स्वारी आमच्या कर्वेनगरच्या घरी आली. अमेरिकेला निघालेल्या एका इंजिनिअर मुलाकडून लेकीने ती जुनी विकत घेतली, तीही स्वतःच्या शिकवण्यांच्या पैशांतून. त्यामुळे ‘कशाला हवी?’ हा प्रश्न विचारायची सोयच उरली नव्हती.

तरी पोटात गोळा आलाच. वेताळ टेकडीचा तो भुसभुशीत मुरूम, सुटे दगड, आणि त्यावरून आपली पोर वेगाने खाली येणार! ह्यांनी नेहमीप्रमाणे ‘तुझ्या आईला विचार’ म्हणून वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. मी हो म्हटलं, पण एका अटीवर. आठवड्यातून एकदा सायकल माझ्यासमोर तपासायची, आणि काय तपासतेस ते मला शिकवायचं.

“आई, तू पाना धरणार?” ती हसली.

मी म्हटलं, “अगं, गॅसची नळी बदलायची तारीख या घरात कोणाच्या लक्षात असते? कुकरची रिंग सैल झाली हे शिटीवरून कोण ओळखतं?”

तिच्या आजी आतून म्हणाल्या, “आपल्या कर्वेनगरात बाईने शिकायचं नाही तर कुठे शिकायचं?” खरंच आहे ते. इथे हिंगण्याच्या माळावर १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी झोपडी उभारली आणि विधवा मुलींसाठी आश्रम चालवला. स्वतः ते चिखल तुडवत पायी फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला जात. त्याच आवारात १९९१ पासून मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. मग आम्हाला चार पाने का धरता येऊ नयेत?

आधी एक इशारा देऊन ठेवते, कारण तुमच्याही घरी हट्ट सुरू झाला असेल. दुकानाच्या दारात दहा-पंधरा हजारांच्या, झगझगीत रंगाच्या, मागे जाडजूड स्प्रिंग दिसणाऱ्या सायकली उभ्या असतात. मुलगा त्यांच्यापुढून हलत नाही. त्या घेऊ नका. त्यातली स्प्रिंग बहुधा शोभेचीच. तिला मुलाच्या वजनाप्रमाणे कमीजास्त करायची धड सोय नसते, सायकल मात्र लोखंडाने जड होते आणि चढावर पेडल मारावं तितकी जागच्या जागी डुलते. खरी दोन शॉकअपची सायकल आपल्याकडे नवी घ्यायची तर लाखाच्या घरात जाते. तेवढे पैसे नसतील तर फक्त पुढे शॉकअप असलेली चांगली सायकल घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे. कॉलनीतून शाळेत जायचं असेल तर तेही नको. साधीच बरी.

आता मुख्य गोष्ट. ही सायकल दुकानातून आली म्हणजे तयार झाली असं नाही. ब्लाउज जसा अंगाचं माप घेऊन बेततात, तशी ही वजनाचं माप घेऊन बेतावी लागते. आमच्याकडे आली तेव्हा ती आधीच्या मालकाच्या मापाची होती. तो चांगला ऐंशी किलोचा गडी. आमची लेक ५४ किलोची. ती बसली तर मागचा शॉकअप जेमतेम ४ मिलिमीटर दबला. म्हणजे लाखाची वस्तू आणि बसल्यावर लाकडी पाट! अशा सायकलीचं चाक दगडावर आपटून उसळतं, जमिनीला चिकटून राहत नाही. आणि जे चाक जमिनीवर नाही त्याचा ब्रेक दाबून काय उपयोग?

माप असं घ्यायचं. सायकल भिंतीशी उभी करून लेकीला टेकडीवर जाताना घेते त्या सगळ्या सामानासकट बसवायचं. हेल्मेट, पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, सगळं. आमची त्यासकट ५८ किलो भरली. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर एक रबराची बारीक रिंग असते, ती खाली सीलला टेकवायची. मग सायकल न हलवता हळूच उतरायचं. रिंग जिथवर सरकली तिथवर शॉकअप दबला. मागचा शॉकअप त्याच्या एकूण चालीच्या पाव ते तीन दशांश दबला पाहिजे, पुढचा साधारण पाचवा हिस्सा. आमच्या मागच्या शॉकअपची चाल ४५ मिलिमीटर, म्हणून ११ ते १३ दबायला हवा. पुढच्या चिमट्याची १२०, म्हणून २४च्या आसपास. मोजायला माझ्या शिवणाच्या डब्यातली पट्टी छान चालते.

कमी दबला तर हवा सोडायची, जास्त दबला तर भरायची. ह्या हवेचा पंप वेगळा असतो, बरं का. छोटा, काटा असलेला, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा. पंक्चरवाल्याच्या यंत्राने शॉकअपमध्ये हवा भरू देऊ नका. आत जागा इवलीशी आणि दाब मोठा, एका झटक्यात सील फुटायचं. पंप काढताना जो ‘फुस्स’ आवाज येतो तो नळीतल्या हवेचा असतो. पहिल्या वेळी आम्ही दोघी दचकलो होतो!

हवेचं जमलं की परत उसळण्याचा वेग. त्यासाठी एक फिरकी असते, बहुतेक लाल, आणि कित्येक सायकलींवर तिच्या एका बाजूला ससा आणि दुसऱ्या बाजूला कासव काढलेलं असतं. अगदी बालवाडीचं गणित! सशाकडे फार फिरवलं तर दबलेली सायकल उसळून स्वाराला पुढे फेकते. कासवाकडे फार फिरवलं तर एकापाठोपाठ दगड आले की शॉकअपला वर यायला सवडच मिळत नाही आणि तो दबलेलाच राहतो. सोसायटीच्या एका पायरीवरून बसल्या बसल्या खाली उतरून बघावं. एकदा दबून, वर येऊन, गप्प बसली पाहिजे. दोनतीनदा झुलली तर फिरकी कासवाकडे एकेक खटका न्यावी. मुलं वाढत्या वयाची असतील तर दर सहामाहीला वजन करून हे सगळं पुन्हा. युनिफॉर्मची उंची नाही का आपण सोडत?

चाकातल्या हवेचं पुणेरी शास्त्र ‘दगडासारखी टणक भरा’ असं आहे. टेकडीसाठी ते चुकीचं आहे. एका दुकानात आमच्या लेकीच्या टायरात ६० पौंड हवा भरून दिली. त्या दिवशी मुरमावर सायकल बोटावर वाटाणा फिरावा तशी घसरत होती. तिच्या वजनाला, त्या रुंद टायरांना, २५ ते ३० पौंड पुरते. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, सल्ला नव्हे.

आता ब्रेक. इथे जरा थांबून वाचा. या सायकलींना रिमवर रबर घासणारे ब्रेक नसतात. चाकाच्या मधोमध पोलादी तबकडी असते आणि तिला दोन्हीकडून पॅड चिमटीत धरतात. परवाच्या उन्हाळ्यात ही तबकडी किंचाळायला लागली. आमच्या ह्यांचा स्वभाव मदतीचा. कुरकुरणारी प्रत्येक वस्तू तेल मागते अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेतली आणि कोणाला न सांगता दोन्ही तबकड्यांवर धार सोडली. किंचाळणं थांबलं, आणि ब्रेकही थांबले. नशीब, लेक टेकडीवर नव्हती. आमच्या गल्लीच्या उतारावर होती. समोरच्या मेंदीच्या कुंपणात शिरली, कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. हीच गोष्ट टेकडीच्या उतारावर झाली असती तर, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

तेव्हा घरातल्या सगळ्या मदतनीस मंडळींना बजावून ठेवा. तबकडीला तेल, ग्रीस, फर्निचरचं पॉलिश, तोंडाचा हातसुद्धा लावायचा नाही. लागलंच तर तबकडी स्पिरिटने, म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, स्वच्छ कापडावर घेऊन पुसायची. पॅडनी तेल प्यायलं की ते टाकून नवे घालायचे. आम्ही तेच केलं. भाजून, घासून वाचवायच्या युक्त्या लोक सांगतात, पण ब्रेकच्या बाबतीत काटकसर माझ्या मनाला पटत नाही. पॅडवरचा घासायचा थर एक मिलिमीटरवर आला की बदलायचे. उतार उतरून आल्यावर तबकडीला बोट लावू नका, तव्यासारखी तापलेली असते. आणि चाक फिरत असताना लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. तिच्या भोकांत बोट गेलं तर काय होईल ते मी लिहीत नाही.

ब्रेक आणि उष्णतेचं वैर जुनं आहे. डोंगरी सायकलींचा खेळ ज्यांनी रुजवला त्या कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी १९७६ साली एका उतारावर शर्यत सुरू केली. जुन्या जड सायकलींच्या मागच्या चाकातले ब्रेक खाली पोचेपर्यंत इतके तापत की आतलं ग्रीस जळून धूर निघे आणि पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’, पुन्हा भरा! त्या टोळक्यात वेंडी क्रॅग ही बाई होती. ती स्वतः सायकल चालवायची, आणि त्या दिवसांची छायाचित्रं तिच्यामुळे उरली आहेत.

आताच्या ब्रेकमध्ये नळीतून तेल खेळतं. चाक काढलेलं असताना ब्रेकचा दांडा दाबू नये, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटतात. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवावा. दांडा दाबल्यावर इडलीसारखा मऊ लागला तर नळीत हवा शिरली असं समजून सायकल मेकॅनिककडे न्यावी. हे तेल दोन जातींचं असतं, खनिज आणि डॉट. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरं फुगून वाया जातात. मेकॅनिक बाटली उघडेल तेव्हा नाव वाचायला लाजू नका. औषधाच्या बाटलीवरचं वाचतोच ना आपण?

धुण्याचं सांगते. गाडी धुण्याच्या सेंटरमधल्या जोराच्या फवाऱ्याखाली ही सायकल नेऊ नये. मागच्या शॉकअपभोवती फ्रेमला सांधे असतात, त्यांतल्या बेअरिंगांत पाणी शिरतं आणि ग्रीस वाहून जातं. बादली, भांड्यांचा साबण, जुना ब्रश एवढं पुरे. शॉकअपचे चकचकीत दांडे मात्र प्रत्येक फेरीनंतर मऊ फडक्याने पुसावेत. तिथे बसलेली धूळ सील कापते. मग चेन कोरडी करून प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाकायचं, कारण ओल्या चेनवर मुरमाची माती बसून तिची सहाण होते. जुन्या काळी विलायतेतल्या सनबीम कंपनीने चेन तेलाच्या बंद डब्यातच बसवली होती. बायकांचे कपडेही त्यामुळे वाचत असणार!

सांधे तपासायला सीट धरून सायकलचा मागचा भाग किंचित उचलायचा, आणि मागचं चाक डावीउजवीकडे हलवून बघायचं. कुठे ‘टक’ वाजलं तर बोल्ट सैल आहे. पण हाताच्या जोरावर आवळू नका. बोल्टशेजारी बारीक आकडा लिहिलेला असतो, तेवढाच ताण देणारा पाना मिळतो. तो नसेल तर दुकान बरं. चाकाचा मधला दांडा मात्र दर फेरीआधी हाताने तपासायचाच. आणि दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलायची. हे सगळं करायला चहाला उकळी यायला लागतो तेवढाच वेळ लागतो.

सुट्टीत मुलांना घेऊन आमच्याकडे आलात तर सहवासमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय जरूर पाहा. २०१७ साली ते सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली, घडी घालता येणारी बीएसए सायकल तिथे आहे. आमची लेक त्या सायकलीपुढे अर्धा तास उभी होती.

राहता राहिलं शॉकअपच्या पोटातलं तेल आणि सीलं. ती किलोमीटरवर नव्हे, तासांवर बदलतात. बऱ्याच कंपन्या चिमट्याच्या खालच्या नळ्या ५० तासांनी उघडून तेल बदला म्हणतात, काही सव्वाशे तासांनी. सायकलबरोबरच्या पुस्तकात आकडा असतो. हे काम घरचं नाही, मेकॅनिकचं. तास मोजायचं काम मात्र आपलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या खाली लेक टेकडीवरून आली की तास लिहिते. काल रात्री बेरीज केली, बेचाळीस झाले आहेत. दिवाळीच्या गर्दीआधी दुकानात नेऊन टाकायला हवी.