काटा खोटं बोलत नव्हता



उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंग्लंडला दादाकडे गेलो होतो. त्याच्याकडे १९७१ सालची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. धावता धावता तिचं इंजिन झटके खायचं आणि त्याच क्षणी टॅकोमीटरचा काटा शून्यावर पडायचा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं, ते हा काटा दाखवतो. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, वर "मीटर नवीन घ्या" म्हणाला. म्हणजे दोन दुखणी, दोन खर्च!

दादा म्हणाला, "थांब रे. दोन्ही एकाच वेळी का बिघडतात, ते आधी बघू."

विचार करा, गिअरमध्ये धावणाऱ्या गाडीचं इंजिन क्षणात थांबत नाही, चाकं त्याला फिरवतच असतात. मग काटा का पडतो? कारण तो फेरे थेट मोजत नाही. इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या प्रवाहाचे ठोके मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे ३००० फेऱ्यांना ६०००, सेकंदाला १००! काटा पडला याचा अर्थ कॉइलचा प्रवाहच तुटत होता. काटा खरंच सांगत होता.

त्या काळच्या या गाडीत किल्लीच्या स्विचकडून येणारी वायर मीटरमधून कॉइलकडे जाते. दादाने मीटर वगळून स्विचपासून कॉइलपर्यंत तात्पुरती वायर जोडली. काटा अर्थातच शून्यावर राहिला, पण इंजिन एकदाही अडखळलं नाही. दोष मीटरमागच्या जोडात होता. पन्नास वर्षांत तो गंजून सैल झाला होता. पॉलिश पेपरने घासून घट्ट बसवला, दोन्ही दुखणी गेली.

मला मात्र माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्या प्रगतिपुस्तकात मी दोन शेरे लिहिले होते : 'शुद्धलेखन कच्चे' आणि 'शेजारणीशी बोलते'. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तिला पहिल्या बाकावर बसवलं. फळ्यावरचं सगळं बरोबर उतरलं, शेजारणीला विचारावंही लागलं नाही. तिच्या आईला बोलावून डोळे तपासायला सांगितलं. आठवड्यात चष्मा लागला.

वर्षभर ती मुलगी बोलणी खात होती, तीही माझीच. तुमच्या वर्गात, घरात एखाद्या मुलाच्या दोन तक्रारी एकदमच येतात का? शेरा लिहिण्याआधी एकदा जोड तपासून बघा.