दालेत की रेश?

आई इस्राएलला, दिमोनात माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्या बॅगेत दोन नऊवारी, मालिद्याची पितळी परात आणि जुन्या पदरात गुंडाळलेली मेझुझा होती, आम्हा ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर असते ती. रेवदंड्याचं घर विकलं त्या दिवशी चौकटीवरून ती तिनं स्वतःच्या हातानं काढली. दाराला दरवेळी रंग लागला तसा या लाकडी नळीलाही लागलेला. ऑइलपेंटचे थर इतके, की झाकण कुठे आणि नळी कुठे हेही कळेना.

"हीच लाव रे दाराला," आई म्हणाली. "येता-जाता हिला हात लावायचा आणि बोटं ओठांना टेकवायची. तुझ्या बाबांचाही हात लागलाय हिला."

माझ्या दारावर आधीच एक होती. या देशात आलो त्या वर्षी बाजारातून घेतलेली, चकचकीत डबीतली. ती काढून आईची लावावी, एवढंच माझ्या मनात होतं. सिनेगॉगमधल्या एका काकांनी अडवलं. आधी सोफेरकडून, म्हणजे हे लेख हातानं लिहिणाऱ्याकडून, तपासून घे म्हणाले. घरातली मेझुझा 7 वर्षांत दोनदा तपासायची असते. आमची तर आईच्या लग्नापासून कुणी उघडलेली नव्हती. मेझुझा म्हणजे ती नळीच, असंच मी लहानपणापासून धरून चाललो होतो. आत शेमा, म्हणजे 'देव एक आहे' हा पाठ, लिहिलेला असतो हे ऐकून माहीत होतं, पाहिला कधीच नव्हता.

दोन्ही घेऊन गेलो. सोफेरच्या टेबलावर दिवा, भिंग, टर्की पक्ष्याच्या पिसांच्या लेखण्या आणि काळ्या शाईची कुपी. त्यांनी आधी माझी बाजारातली उघडली. भिंगाखाली धरली आणि लगेच बाजूला ठेवली. साधा कागद, त्यावर छापलेली अक्षरं. शुद्ध प्राण्याच्या कातड्याचं चर्मपत्र नाही, शाईविना ओढलेल्या ओळींच्या रेघा नाहीत, कुणाचा हातच लागलेला नाही. इतकी वर्षं मी रिकाम्या डबीला हात लावून घराबाहेर पडत होतो. मला बसायला खुर्ची द्यावी लागली.

हे पकडणं सोपं, ते म्हणाले. खऱ्या चर्मपत्रावर छापलेलीही विकली जातात; तिथे भिंगाखाली शाईचा थर पाहावा लागतो. आणि काही दोष कुठल्याच भिंगात दिसत नाहीत. अक्षर लेखणीनं लिहून घडवायचं असतं. शाईचा डाग खरवडून उरलेल्या भागातून अक्षर काढलं तर ते बाद, पण खरवडणारा हुशार असेल तर खूण उरत नाही. देवाचं नाव लिहिण्याआधी, हे त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो, असं म्हणायचं असतं; ते तो म्हणाला की नाही, हे कातडं सांगणार नाही. कॉम्प्युटरही असतो. स्कॅन करून 713 अक्षरं मोजतो, गळलेलं किंवा जास्तीचं दाखवतो. पण अक्षरं कोणत्या क्रमानं लिहिली गेली ते त्याला कसं कळणार? म्हणून मेझुझा घेताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, लिहिणारा कोण हा विचारायचा.

मग त्यांनी आईची हातात घेतली. चाकूच्या टोकानं रंगाचे थर हळूहळू सोडवले. आतून गुंडाळी निघाली, मधासारख्या रंगाची, कडेला ओल लागलेली. त्यांनी ती उलगडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात फार चांगला होता." 22 ओळी, ठरलेल्या सात प्रकारच्या अक्षरांच्या डोक्यावर केसाएवढे बारीक मुकुट, प्रत्येक अक्षराभोवती कोरी जागा, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. माझा ऊर भरून आला.

पहिल्याच ओळीवर भिंग थांबलं. देव एक आहे, त्यातला 'एहाद', म्हणजे एक. त्याचं शेवटचं अक्षर दालेत. दालेतचा उजवा कोपरा मागे टोकदार निघालेला असतो. तो गोल झाला की रेश होतो आणि 'एहाद'चं 'अहेर' होतं. म्हणजे दुसरा. कोकणच्या दमट हवेत कातडं फुगतं, कोरड्यात आक्रसतं, वर शाईला तडे जातात. नेमका तोच कोपरा झडला होता.

सोफेरनं शेजारच्या घरातला लहान मुलगा बोलावला. फार हुशार नको, अगदी अजाणही नको, नुकती अक्षरं ओळखू लागलेला हवा. आजूबाजूची अक्षरं झाकून विचारलं, हे काय?

"रेश," तो म्हणाला.

मी विचारलं, एक टिंब शाईचं, तेवढं भरता येणार नाही? तोरापोथीत आलं असतं, ते म्हणाले. तिथली 3,04,805 अक्षरं मागाहून दुरुस्त करता येतात. मेझुझाचं अक्षर मात्र क्रमानंच लिहायला हवं. तडा गेला पण आकार टिकला, तर वरून शाई चालते. आकारच गेला, तर ते अक्षर नव्यानं लिहिल्यासारखं होतं, आणि हे पंचविसावं आहे. पुढची 688 अक्षरं खोडून पुन्हा लिहावी लागतील. त्यांत देवाचं नाव आहे, आणि ते खोडता येत नाही.

मी ते बोटांवर मोजून पाहिलं. शेमा, इस्राएल... पंचविसावंच होतं.

नवी मेझुझा तिथूनच घेतली. लिहिणारा समोर बसलेला होता. जुनी टाकायची नसते, जीर्ण पोथ्यांबरोबर मातीत पुरायची असते. ती मी त्याच पदरात गुंडाळून घरी आणली, कारण आईला न सांगता ती देऊन येणं मला जमलं नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं. "तुझे बाबा गेले, तेव्हा ठीक होती का रे ही?" तिनं विचारलं. सोफेरला हे मी विचारलं नव्हतं. तो कोपरा कधी झडला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी चौकटीच्या उजव्या बाजूला, वरच्या एकतृतीयांश भागात नवी लावली. प्रार्थना मी म्हटली, आमेन आईनं. हात पोचेना म्हणून ती टाचा उंचावून उभी राहिली. मग आत जाऊन पदरातली गुंडाळी काढली, पुरायला द्यायच्या आधी तिच्यावर बोटं ठेवली आणि ओठांना लावली.