कार्ड आहे का, कार्ड?

‘‘कार्ड?’’

‘‘अहो काका, मामा आहे मी त्याचा.’’

‘‘असाल. कार्ड?’’

दुपारी पावणेतीनची वेळ, डोक्यावर ऊन, हातात हेल्मेट आणि समोर पुण्यातल्या एका प्रायव्हेट शाळेचं भलंमोठं गेट. गेटच्या आत अशोकाच्या झाडाखाली माझा भाचा, दुसरीतला चिकू, दोन्ही हात हलवत ‘मामाऽऽ’ असा गळा काढत होता. आता याहून मोठा पुरावा काय पाहिजे? तरी मी आधार कार्ड दाखवलं. मोबाइलमधला चिकूच्या बारशाचा फोटो दाखवला. शेवटी, सांगायला लाज वाटते, पण प्रेस कार्डसुद्धा काढलं. (फ्रीलान्सरच्या प्रेस कार्डाची किंमत आमच्या धंद्यातल्या मंडळींना ठाऊक आहे. माझं तर एक्स्पायर होऊन दोन वर्षं झालीत.) काकांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘निळ्या रिबनचं कार्ड असतंय शाळेचं. आईचा नाहीतर वडलांचा फोटो. त्याच्याशिवाय मूल बाहेर जात नाही.’’

मी तिथे का उभा होतो, ते आधी सांगतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत ताई दोन बॅगा आणि चिकूला घेऊन कोथरूडला आमच्याकडे आली. दिवाळी संपली, सुट्टी संपली, ताई परत गेली नाही. भांडणं, आदळआपट असलं काही नाही. दोघंही आयटीतली, दोघंही समंजस, आणि दोघांनाही एकमेकांशी बोलायचा कंटाळा आलेला. एवढंच कळलं, जास्त विचारलं नाही. तोवर चिकूला जिजू न्यायचे, त्यांचं वर्क फ्रॉम होम होतं म्हणून. आता शाळेतून कोणी आणायचं, असा प्रश्न आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या भाषेत रिकामा!

तर, कार्ड नाही म्हटल्यावर मला ऑफिसात बसवलं. चिकूला माझ्यापासून चार फुटांवर, दुसऱ्या बाकावर. शाळेने ताईला फोन लावला, ती हिंजवडीत मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. मग रेकॉर्डमधला दुसरा नंबर लावला. खरं तर तो पहिला नंबर होता, वडिलांचा. पन्नास मिनिटांनी जिजू आले. आम्ही चार महिने बोललो नव्हतो. लग्नात ज्यांचे बूट मी पळवले होते आणि ज्यांनी मला पहिली बाइक घेताना वीस हजार उसने दिले होते (परत मागितलेच नाहीत!), ते जिजू माझ्याकडे न बघता आत आले, कार्ड दाखवलं, रजिस्टरवर सही केली, चिकूचा हात धरून गेटबाहेर आणला आणि तो हात माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘‘ऊन आहे. टोपी घाल त्याला.’’ आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी नव्या कार्डाचा फॉर्म आणला. साधा एक पानी फॉर्म. नेणाऱ्या व्यक्तीचं नाव, नातं, फोटो, दोन्ही पालकांच्या सह्या. पण मधे एक छोटासा कॉलम होता: ‘बदलाचं कारण’.

ताईने त्यात लिहिलं, सेपरेशन.

‘‘अगं, काहीतरी दुसरं लिही की. ऑफिस टायमिंग लिही,’’ मी म्हटलं.

‘‘का? सोसायटीत सांगायचं ट्रान्सफर झाली, मावशीला सांगायचं डस्ट अॅलर्जीमुळे आलीये. आता शाळेच्या फॉर्मवर पण खोटं लिहू?’’

फॉर्म घेऊन मी वाकडला गेलो. जिजूंनी वाचला. पेन हातात घेतलं, पुन्हा वाचला आणि पेन खाली ठेवलं. ‘‘राहू दे इथेच. बघतो.’’ तो फॉर्म सव्वा महिना तिथेच राहिला. ताई शब्द खोडायला तयार नाही, जिजू त्या शब्दाखाली सही करायला तयार नाहीत आणि मधे मी, हेल्मेट घेऊन. ऑफिसातल्या क्लार्क बाईंना हळूच विचारलं तर त्या हसायलाच लागल्या. ‘‘अहो, तो कॉलम आम्ही वाचतसुद्धा नाही!’’

तोवर तात्पुरती सोय अशी, की ताईने रोज सकाळी अकराच्या आत शाळेला मेल करायचा, आज मुलाला अमुक इसम नेईल, आधारचे शेवटचे चार आकडे अमुक. मी रोज रजिस्टरमध्ये सही करायची. कुरिअरचं पार्सल सोडवल्यासारखं. कोऑर्डिनेटर मॅडमनी बजावलं, ही सवलत इमर्जन्सीसाठी आहे, कायमची नाही.

दोघांच्या सह्या कशाला, म्हणून एका रात्री मी कायदा शोधत बसलो. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा सांगतो, मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने बाँड घ्यायला अर्ज केला होता. त्यावर त्यांची एकटीची सही रिझर्व्ह बँकेला चालेना, म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने १९९९ मध्ये सांगितलं, ‘त्यानंतर’ म्हणजे वडील वारल्यावर नव्हे, वडील प्रत्यक्षात मुलाचं बघत नसतील तेव्हाही आईच पालक. वाचून मी एकदम जोशात आलो. सकाळी ताईला म्हटलं, भांडू या! ताई चहा गाळत म्हणाली, ‘‘पण तो बघतोय ना रे त्याचं. दर शनिवार-रविवार नेतो. काय सांगू मी शाळेला, तो नाहीये म्हणून?’’

मग मी गप्प बसलो. आणखीही एका कारणासाठी गप्प बसायला हवं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, सरकारने शाळांना सीसीटीव्ही लावायचे आदेश काढले. ‘शाळांनी आता गेटवर कडक व्हायला हवं,’ असं तावातावाने लिहिणाऱ्यांमध्ये तुमचा हा मित्रही होता. आठशे शब्द, वेळेत दिले होते. शाळेच्या गेटवर हेल्मेटवाला, दाढी वाढलेला, ओळखपत्राची मुदत संपलेला तरुण उभा राहतो तेव्हा काकांना काय दिसत असेल, याचा विचार तेव्हा केला नव्हता.

रोज अर्धा तास रजिस्टरच्या रांगेत काढला की शाळेचा नोटीस बोर्ड पाठ होतो. आमच्या वेळी शाळेचे नियम दोनच, नखं कापा आणि गप्प बसा. इथे प्रत्येक गोष्टीची पॉलिसी! दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको (हे केंद्राच्या २०२० च्या धोरणातलं). शाळेच्या आवारात चिप्स, कोला बंद. एफएसएसएआयच्या नियमानुसार तर आवाराबाहेर पन्नास मीटरपर्यंत असले पदार्थ विकता येत नाहीत. तिथला बोरं-पेरूवाला मात्र मजेत उभा असतो, त्याचा माल नियमात बसतो. वर्गात इंग्लिशमध्येच बोलायचं, असा एक नियम. चिकूचं इंग्लिश म्हणजे ‘मिस, ही इज नॉट गिविंग मी माझी पेन्सिल ना.’ आणि मराठी विषय २०२० च्या कायद्याने सक्तीचा, त्यात चिकूला बी प्लस. आजीने दोन दिवस अन्न गोड लागत नाही म्हणून सांगितलं. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, असा सरकारचा २०२४ चा आदेश. मुलांची झोप व्हावी म्हणून! चिकूची होते. ताई त्याला पावणेनऊला सोडून हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घुसते तेव्हा तिची काय अवस्था होते, ते सांगत नाही.

वाढदिवसाचा नियम मला आधी फार रुक्ष वाटला. केक नाही, चॉकलेट नाही, रिटर्न गिफ्ट नाही. फक्त वर्गाच्या लायब्ररीला एक पुस्तक द्यायचं, तेही ठरावीक किमतीच्या आतलं. वर्गात आरटीईच्या पंचवीस टक्के जागांवर आलेली मुलं आहेत. कुणाची आई घरकाम करते, कुणाचे बाबा रिक्षा चालवतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने बऱ्याच खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा बदल केला होता, तो त्याच वर्षी जुलैमध्ये हायकोर्टाने रद्द ठरवला. चिकूला यातलं काही माहीत नाही. त्याच्या बेस्ट फ्रेंडने वर्गाला बेडकाच्या गोष्टीचं पुस्तक दिलंय, ते ‘सॉलिड’ आहे आणि त्यासाठी वेटिंग लिस्ट आहे, एवढंच माहीत आहे.

पण सगळ्यात कडक म्हणजे टिफिन मेन्यू. सोमवारी पोळी-भाजी. मंगळवारी उसळ. बुधवारी पराठा. गुरुवारी इडली किंवा डोसा. शुक्रवारी ‘मुलाच्या आवडीचं, पण घरी केलेलं.’ हा तक्ता आमच्या फ्रिजवर लागला आणि वाकडच्याही फ्रिजवर लागला. कारण रविवारी रात्री चिकू तिकडे असतो आणि सोमवारचा डबा जिजूंकडे असतो. जिजूंना स्वयंपाकातलं मॅगी येतं. पहिल्या सोमवारी त्यांनी ब्रेड-जॅम दिलं. डायरीत लाल पेनाने शेरा आला, कृपया मेन्यू पाळावा.

पुढच्या रविवारी रात्री साडेदहाला माझा फोन वाजला. जिजू.

‘‘ऐक, भेंडीवर झाकण ठेवतात का?’’

मला काय माहीत! मी आईकडे गेलो. आई म्हणजे, जिजूंचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढवणारी बाई. मी म्हटलं, ‘‘आई, भेंडीवर झाकण ठेवतात का?’’ आईने माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग रिमोटने आवाज कमी केला. ‘‘ठेवू नको म्हणावं, चिकट होते. आणि धुऊन, पुसून, मग चिरायची. ओली चिरली की झालं कल्याण.’’ थोड्या वेळाने परत, ‘‘मीठ शेवटी म्हणावं.’’ ताई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती काही बोलली नाही, पण नळ तिने बंद केला होता.

सोमवारी चिकूला विचारलं, भाजी कशी होती? ‘‘काळी,’’ तो म्हणाला. ‘‘पण मिसने स्टार दिला.’’

त्यानंतर दर रविवारी फोन. फरसबी किती वेळ, कोबीत हरभऱ्याची डाळ आधी की नंतर. पाचव्या सोमवारी चिकूच्या डब्याच्या पिशवीत, नॅपकिनखाली, तो फॉर्म निघाला. दुमडलेला, कोपऱ्याला तेलाचा डाग. ‘बदलाचं कारण’ कॉलममधला ताईचा शब्द तसाच होता, आणि खाली जिजूंची सही होती, अगदी पूर्ण नावाची, बँकेत करतात तशी.

ताईने तो ओट्यावर ठेवून बराच वेळ बघितला. मी म्हटलं, शाळेत देऊ का उद्या? ती म्हणाली, ‘‘दे.’’ मग मटकी भिजत घालायला उठली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

कार्ड आठ दिवसांनी आलं. त्यावर तीन फोटो, आई, वडील आणि मी. ‘‘मामा, तू ह्यात चोरासारखा दिसतोस,’’ चिकूने जाहीर केलं. काकांचंही तेच मत असावं, कारण फोटो आणि चेहरा ते आजही रोज ताडून बघतात. मधे मी दाढी केली तेव्हा तर कार्ड उन्हात तिरकं धरून बघितलं.

परवा मी कार्ड घरी विसरलो. ताई ऑफिसच्या कामाने बेंगळुरूला. गेटवर पोचल्यावर खिसे चाचपले, काकांकडे बघितलं. सात महिने रोज नमस्कार-चमत्कार होतात, दसऱ्याला सोनं दिलंय मी त्यांना. काका म्हणाले, ‘‘बसा साहेब सावलीत. फोन लावा कुणालातरी.’’

मी जिजूंना लावला.

‘‘वीस मिनिटं,’’ ते म्हणाले. मग, ‘‘आज गुरुवार ना? लायब्ररीचं पुस्तक दिलंय का त्याने परत, तेवढं विचार गेटवरून. नाहीतर फाइन बसेल.’’